शुक्रवारी केलेलं अपग्रेड

अंबरनाथ एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, शुक्रवारी असते. आमच्या बदलापूरच्या सोसायटीत सगळे रविवारी लोळत असतात तेव्हा मी डबा घेऊन निघते, याला आता वीस वर्षं झाली. म्हणूनच त्या शुक्रवारी मी जी माती खाल्ली तिची मला अजून लाज वाटते.

आमचा कारखाना यंत्रांना लावायचे रंग बनवतो. लॅबमध्ये एक जुना, लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटर होता आणि त्यात आमच्या मुख्य केमिस्टचे, म्हणजे सरांचे, सगळे फॉर्म्युले होते. त्यांच्या मूळ वह्या घरात पुराचं पाणी शिरलं तेव्हा लगदा होऊन गेल्या होत्या. मग त्यांनी वर्षभर रोज जेवणानंतर एका बोटाने टाइप करत सगळं आठवून लिहिलं. दुसरी प्रत नव्हती. फॉर्म्युला बाहेर जाऊ नये म्हणून पेनड्राइव्हला त्यांनीच बंदी घातली होती, आणि पासवर्ड फक्त त्यांनाच ठाऊक होता.

महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते. कॉम्प्युटरच्या जुन्या सिस्टिमला अपडेट येणंही बंद झालं होतं. आमच्याकडे ज्याला थोडंफार कळतं त्याच्या गळ्यात ही कामं पडतात, तसं नवी सिस्टिम टाकायचं हे काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, शुक्रवारी करू, कारखाना बंद, कुणाची कटकट नाही. पासवर्ड टाकायला सर आले. फायलींना काही होणार नाही ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. अपग्रेड फक्त सिस्टिम बदलतं, फायलींना हात लावत नाही, हे मी त्यांना लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. कॉपी काढायला भरपूर वेळ होता. काढली नाही. मला हुशारी दाखवायची होती.

कमांड दिली, काळ्या खिडकीत ओळी पळू लागल्या. अकराच्या सुमारास पंखा थांबला. शुक्रवारी कारखाने बंद म्हणून वीजवाले त्याच दिवशी लाइनीची कामं काढतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण शुक्रवारी मी कायम घरी, त्यामुळे कधी भोगलं नव्हतं. यूपीएस थोडा वेळ केकाटला आणि स्क्रीन काळा झाला.

वीज येईपर्यंत आम्ही समोरासमोर बसून होतो. एरवी चिडायला मला कारण लागत नाही, पण त्या दिवशी चिडायला स्वतःशिवाय कुणी सापडेना. शेवटी मी माफी मागितली.

ते म्हणाले, "एकदा आठवून लिहिलं गं. आता सगळं परत नाही आठवायचं मला."

वीज आली तेव्हा कॉम्प्युटर सुरू झाला आणि अर्ध्यावर अडकला. नुसती एक रेघ लुकलुकत होती. मोबाइलवर शोधत शोधत रिकव्हरी मोडमध्ये शिरले आणि अर्धवट राहिलेलं काम तिथून पुढे चालू करणारी कमांड टाइप केली. पहिल्यांदा बोट घसरलं, चुकली. दुसऱ्यांदा सर मोबाइलवरून एकेक अक्षर वाचत गेले. ओळी पुन्हा पळू लागल्या.

दुपार टळल्यावर लॉगिनचा चौकोन आला. सरांनी पासवर्ड टाकला, पहिली फाइल उघडली, मग मधलीच एक, मग शेवटची. सगळं जागच्या जागी होतं. मला इतकं हायसं वाटलं की मी स्टुलावर बसले आणि चक्क हमसून रडले. एवढी मोठी बाई, पण रडले.

सरांनी पाण्याचा ग्लास आणून दिला आणि माझं रडणं संपेपर्यंत उभे राहिले.

"या फायलींसाठी माझ्याशिवाय कुणाला इतकं घाबरलेलं मी आजच बघितलं," ते म्हणाले. मग त्यांनी आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली. "आधी कॉपी काढ. मग पासवर्ड बदल, आणि नवा मला सांगू नकोस."