खालांचा खजूर

लहानपणी मी फार चांगली मुलगी होते. हे माझं मत. वर्गातल्या बाकीच्या पोरींचं मत वेगळं होतं, पण त्यांना विचारायला गेलंय कोण?

निजाम जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. उमरग्याच्या अलीकडं आमचं गाव आणि गावाच्या टोकाला सिस्टरांची शाळा. वर्गात ख्रिस्ती मुली मोजून चार, बाकी मुसलमानांच्या, नाहीतर माझ्यासारख्या शेतकऱ्यांच्या हिंदू घरच्या. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस सिस्टर उपास धरत. तेवढे दिवस प्रत्येक मुलीनं गावातल्या एकेका एकट्या माणसाचं काम करायचं, अशी शाळेची रीत होती. रोज सकाळी प्रार्थना झाली की सिस्टर विचारत, "काल काय मिळालं?" जे मिळालं त्याबद्दल देवाचे आभार मानायचे. देव ज्याचा त्याचा.

माझ्या वाट्याला पिंजाऱ्याच्या घरातल्या खाला, म्हणजे मावशी, आल्या. सत्तरीच्या, एकट्या, गुडघ्यांनी दगा दिलेल्या. आडावरून दोन घागरी आणून त्यांचा रांजण भरायचा. मी भरायचे आणि सकाळी ताठ उभी राहून सांगायचे, "सिस्टर, मी दोन घागरी पाणी दिलं."

"दिलं ते नाही विचारलं. मिळालं काय?"

"काही नाही."

"बस खाली."

असा राग यायचा! घागरी मी वाहायच्या, आणि वर बस खाली?

त्या वर्षी रमजान नेमका त्याच दिवसांत आला. पहिल्या रोज्याला रांजण भरून मी निघाले, तर खालांनी फडक्यातून खजूर काढून पुढं केला. "घे बेटी. खाली हात नको जाऊ."

आता, सिस्टरांनी चाळीस दिवस गोड सोडलं होतं. म्हणून मीही सोडलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण आपण मागं कशाला राहायचं? शिवाय 'काम करून काही मागू नका' असं सिस्टर म्हणाल्या होत्या. त्यात 'दिलं तरी घेऊ नका' ही माझी पदरची भर. मी हात पाठीमागं नेला आणि मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "आम्ही घेत नसतो."

खालांचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी खजूर पुन्हा फडक्यात बांधला.

दुसऱ्या दिवशी दाराला आतून कडी. मी हाका मारल्या. आतून आवाज आला, "नको गं बाई. माझ्या हातचं तुला चालत न्हाय, मग तुझ्या हातचं पानी मला कसं चालंल?"

विटाळाचं माझ्या डोक्यातही नव्हतं. पण त्यांच्या डोक्यात दुसरं काय येणार? जन्मभर तेच बघितलेलं. थोड्या वेळानं त्या स्वतःच कळशी घेऊन निघाल्या. रोज्याचा दिवस, घशाखाली थेंब नाही, आणि आडापासून घरापर्यंत दोनदा खाली बसल्या. मी मागून घागर घेऊन चालले, तर मागं वळूनसुद्धा बघेनात. मला रडू फुटलं.

सिस्टरांना सगळं सांगितलं, पदरची भर धरून. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "संध्याकाळी चल."

दिवस मावळायच्या बेताला सिस्टर खालांच्या उंबऱ्यावर जाऊन बसल्या. "खाला, मी दिवसभर उपाशी आहे. काही खायला द्याल?"

तेवढ्यात रोजा सोडायची अजान झाली. त्यांनी फडकं सोडलं, एक खजूर सिस्टरांच्या हातावर ठेवला, एक स्वतःच्या तोंडात टाकला. सिस्टरांनी खाल्ला.

"सिस्टर! तुमचं गोड..."

"गप. भूक लागलीय मला."

फडक्यात आता एकच खजूर उरला होता. खाला तो मला देईनात, नुसत्या बघत होत्या. शेवटी मीच म्हणाले, "खाला, मला द्या ना."

"तुमी घेत नसता न्हवं?"

"शाळेतले सगळे घेतात. मीच येडी आहे."

खाला हसल्या आणि त्यांनी खजूर माझ्या तोंडातच कोंबला. "उद्याच्याला दोन न्हाय, तीन घागरी आण."

परतताना सिस्टर म्हणाल्या, "देवानं मला इतकं दिलंय, ते मी काय फेडणार? मी नुसती घेत आले. द्यायला कुणीही शिकतं गं, घेता आलं पाहिजे." मला तेव्हा अर्धंच कळलं. तोंडात बी होती, ती घर येईपर्यंत टाकली नाही.

सकाळी सिस्टरांनी विचारलं, "काल काय मिळालं?"

मी उभी राहिले. "खजूर मिळाला."

"आणि?"

"खालांनी मला पुन्हा पाणी भरायला बोलावलं."

सिस्टरांनी हजेरीची वही उघडली. 'बस खाली' म्हणायचं विसरल्या, आणि हजेरी संपेपर्यंत मी आपली उभीच.