मॅडमच्या कुटुंबातली सहावी जागा

मॅडमनी आयुष्यात कुठलीही वस्तू पहिल्या भावाला घेतली नाही. पंखा नाही, छत्री नाही आणि गेम तर नाहीच. साठी उलटलेली बाई कॉम्प्युटरवर गेम खेळते हे ऐकून लोक आधी हसत, मग तिने तो केवढ्याला घेतला हे ऐकून गप्प होत. जगात ज्या गेमची चर्चा चालू असे, तो मॅडमच्या घरी दोन-तीन वर्षांनी येई. "नव्याला नव्याची किंमत असते, किनवटकर," त्या म्हणायच्या. "नवेपणा उतरू दे. मग आपण जाऊ. खेळ कुठे पळून जातोय?"

किनवटकर म्हणजे मी. हे माझं आडनाव नव्हे, गावावरून त्यांनीच पाडलेलं नाव. किनवट नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला. नववीत शाळा सोडली, आदिलाबादला गॅरेजवर दोन वर्षं काढली आणि ओळखीच्या ओळखीने नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागलो. इंदिरानगरात मॅडमच्या घरामागची खोली मिळाली. माझा स्वभाव मुळात धास्तीचा. नळ बंद केला का, गॅस बंद केला का, हे बघायला कोपऱ्यावरून परत यायचो. एकदा तिसऱ्यांदा परत आलो तेव्हा मॅडम ओट्यावरून म्हणाल्या, "गॅस मी बघते, तू कामावर जा. तुझा पगार कापला तर मला भाडेकरू शोधावा लागेल." या शहरात माझी काळजी दुसऱ्या कुणीतरी वाटून घेतल्याची ती पहिली वेळ.

सातपूरच्या एका कारखान्यात त्या आयुष्यभर खरेदी खात्यात होत्या. तिथे सगळे त्यांना मॅडम म्हणत, म्हणून गल्लीही म्हणे. रिटायर होताना कंपनीचा मोडीत निघालेला कॉम्प्युटर त्यांनी लिलावात घेतला आणि त्यावर लिनक्स घालून घेतलं. "चोरीची विंडोज घरात ठेवणार नाही आणि विकतची मला लागत नाही." लिनक्स म्हणजे काय हे मला त्यांनीच सांगितलं. बहुतेक गेम विंडोजसाठी बनतात. लिनक्सवर ते मधल्या एका दुभाष्यामार्फत चालतात. कधी सरळ चालतात, कधी आवाज येतो पण चित्र येत नाही, कधी चित्र येतं आणि सगळी माणसं डोक्याशिवाय फिरतात. अशा बिनडोक्याच्या गावात मॅडम शांतपणे फिरून यायच्या आणि वहीत नोंद करायच्या.

कारण गेम म्हणजे त्यांच्या लेखी आलेला माल होता. ऑनलाइन दुकानाचा नियम असा, की दोन तासांच्या आत खेळून नको वाटला तर पैसे परत. मॅडम पहिले दोन तास खेळतच नसत, तपासत. आवाज, अक्षरं, कंट्रोलरची बटणं, बंद करून पुन्हा उघडला तर जिथे होतो तिथेच येतो का. पावणेदोन तासांनी निकाल. "रिजेक्ट," असं म्हणून त्या परत पाठवायच्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर रेषाही हलत नसे. मला या गोष्टीचा फार हेवा वाटायचा. मला कुणी दिलेली वस्तू परत करता येत नाही. हॉटेलात शिळी पोळी आली तर मी खाऊन उठतो.

तपासणी झाली की त्या रिपोर्ट लिहायच्या. लिनक्सवाल्यांची एक जागा आहे, तिथे कुठला गेम चालतो, कुठला नाही, हे लोक एकमेकांसाठी लिहून ठेवतात. मॅडमचं इंग्रजी म्हणजे खरेदी खात्याचं इंग्रजी. त्यांनी पुरवठादाराला लिहावं तसं लिहिलेलं वाचून कुठल्या कुठल्या देशातली माणसं त्यांचे आभार मानत. एक मनुष्य दर वेळी लिहायचा, त्याला त्या हसत हसत उत्तर टंकायच्या. मी शेजारी स्टुलावर बसलेला असायचो. त्या माणसाला मी कधी पाहिलं नाही, त्याचं नावही मला वाचता आलं नाही, पण तो मला आवडत नसे.

माझी पहिली पाळी साडेतीनला सुटे. चार वाजता मी चहा टाकायचा, मॅडमनी कॉम्प्युटर लावायचा. डोंगरातून रेल्वे न्यायचा एक गेम त्यांचा खास होता. रूळ टाकायचे, पूल बांधायचे, गावं जोडायची. पूल कुठे घ्यायचा हे त्या मला विचारायच्या. मी म्हणायचो, "इथं नदी चिंचोळी हाय मॅडम," आणि त्या म्हणायच्या, "इथे नको, पुढे चढ येतो. पण बघितलंस हे बरं केलंस." दिवसभर खोकी बांधणाऱ्या माणसाला नदी कुठे चिंचोळी आहे हे कुणी विचारत नाही.

या सगळ्यात एक निनाद होता. मॅडमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, इंजिनिअर, घरूनच काम करणारा, राहायला गंगापूर रोडला. कॉम्प्युटरवर पहिल्यांदा लिनक्स टाकून दिलं ते त्याने. पहिला गेम दाखवला तोही त्यानेच. महिन्या-दोन महिन्यांनी यायचा, चपला दारातच उधळायचा आणि थेट माझ्या स्टुलावर बसायचा.

"मावशी, तू अजून हाच रेल्वेचा गेम खेळतेस? मी कॉलेजात असताना संपवला."

"तू पुऱ्या किमतीला घेतलास आणि तीन दिवसांत संपवलास. मी पाव किमतीला घेतला आणि दोन वर्षं खेळतेय. सांग, कुणाला स्वस्त पडला?"

"तुझ्याशी भांडायला तीन कोटेशन्स घेऊन यावी लागतील." मग माझ्याकडे वळून, "काय किनवटकर, मावशी खेळू देते, का नुसता चहा करून घेते?"

"देतात," मी म्हणायचो आणि उभाच राहायचो.

वाईट मुलगा नव्हता. माझ्या जुन्या लॅपटॉपला चार्जर मिळेना तेव्हा त्यानेच आणून दिला. पण तो मॅडमना 'तू' म्हणायचा. मावशीला कोण 'तुम्ही' म्हणतं? तरीही ते 'तू' मला दर वेळी टोचायचं. मी आदराने बोलत होतो आणि जितका आदराने बोलत होतो तितका लांब बसत होतो.

आता त्या सहाव्या जागेबद्दल. गेमच्या त्या ऑनलाइन दुकानात एक सोय असते. सहा जणांचं कुटुंब करता येतं. एकाने घेतलेला गेम बाकीच्यांना आपापल्या कॉम्प्युटरवर खेळता येतो. मॅडमच्या कुटुंबात त्या स्वतः आणि तिन्ही बहिणींची मिळून पाच मुलं, अशी सहा नावं. यातलं कुणीही खेळत नव्हतं. निनादने तर नवीन मशीन घेतल्यापासून मावशीच्या गेमना हातही लावला नव्हता. माझा लॅपटॉप सुरू झाला, मॅडमनी त्यावरही लिनक्स घालून दिलं, आणि माझ्या डोक्यात ती यादी बसली. दुकानाचं म्हणणं, ही सोय एका घरात राहणाऱ्यांसाठी. म्हणजे नियमाने बघितलं तर त्या घरात मॅडम आणि मी एवढेच राहत होतो. एका ओळीचा प्रश्न होता, विचारला असता तर झालं असतं. पण मी मागणारा माणूस नाही. मी मनात जागा धरून बसणारा माणूस आहे.

एके दुपारी मॅडम डॉक्टरकडे गुडघा दाखवायला गेल्या. कॉम्प्युटर चालू होता. मी ती यादी उघडली, निनादच्या नावावर गेलो आणि काढून टाकायचं बटण दाबलं. माझा बेत साधा होता. एक जागा रिकामी दिसेल, मॅडम म्हणतील अरे हे कसं झालं, मी म्हणेन मॅडम, मग माझं नाव टाका. समोर इंग्रजीत चार ओळींची एक चौकट आली. त्यातलं निनादचं नाव मला कळलं. बाकी वाचायला गेलो तर गेटचा आवाज होईल अशी धास्ती. मी होय म्हटलं. निनाद गेला. पण त्याची जागा रिकामी झाली नाही. तिथे एक करडं कुलूप आलं आणि पुढे एका वर्षानंतरची तारीख. एकदा कुणी बाहेर पडलं की ती जागा वर्षभर कुणालाच देता येत नाही. त्या चार ओळींत तेच लिहिलं होतं.

पुढचे तीन दिवस मी पाण्याची टाकी धुतली, माळा झाडला, सटाण्याची डाळिंबं आणली. मॅडम डाळिंबांकडे बघून म्हणाल्या, "कोण आजारी आहे?"

रविवारी निनादचा फोन आला. मॅडमचा फोन नेहमी स्पीकरवर असायचा. "मावशी, मला कुटुंबातून काढलंस होय? काय गुन्हा?"

मॅडमनी यादी उघडली. कुलूप बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी कपबशा धुवायला उठलो होतो, तिथेच थांबलो.

"अरे, माझ्याच हातून झालं," त्या फोनवर म्हणाल्या. "जुनं साफ करायला गेले."

"असू दे गं. मी कुठे खेळत होतो?" तो म्हणाला आणि आईच्या लोणच्याबद्दल बोलू लागला.

मला वाटलं होतं, पकडलो गेलो तर मेल्यासारखं होईल. त्याहून वाईट झालं. मी जे चोरलं ते त्याला नकोच होतं.

फोन ठेवल्यावर मॅडमनी ती यादी बंद केली. मग म्हणाल्या, "वाचलं होतंस का, बटण दाबण्याआधी?"

"नाही मॅडम."

"निनादला काढलंस हे मी समजू शकते. न वाचता होय म्हणालास, याचं काय करू?"

"मी खोली सोडू का?"

"खोलीचा काय संबंध? मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर दिली असती जागा?"

त्यांनी खरंच विचार केला. "नसती," त्या म्हणाल्या. "मुलांची नावं माझ्या हाताने काढली नसती मी. पण तू विचारलं असतंस, हे मला माहीत असतं." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "उद्यापासून चारला वही घेऊन बस."

दुसऱ्या दिवसापासून रेल्वेच्या आधी अर्धा तास माझी शाळा. पुस्तक वगैरे नाही. स्क्रीनवर जी चौकट येईल ती मी मोठ्याने वाचायची, अर्थ सांगायचा, मगच बटण. अडलो की त्या सांगत नसत, वाट बघत. त्यांची ती वाट बघण्याची ताकद मी पहिल्यांदाच माझ्यासाठी वापरली जाताना पाहिली. आठ महिन्यांत मी कारखान्यातले डिस्पॅचचे कागद वाचायला लागलो. आज मी खोकी बांधत नाही, कुठलं खोकं कुठे जायचं ते ठरवणाऱ्या टेबलावर बसतो. त्यांचे उपकार एवढे आहेत, की ते आठवले तरी मला उगाच आपण काहीतरी विसरून आल्यासारखं होतं.

गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि धाकट्या बहिणीने हट्टच धरला. एकटीने राहायचं नाही, गंगापूर रोडलाच यायचं, कायमचं. घर विकायला निघालं. निनाद गाडी घेऊन आला. मॅडमचा कॉम्प्युटर त्याने मागच्या सीटवर ठेवला आणि त्याला लहान मुलासारखा पट्टा लावला. मी कीबोर्ड टॉवेलात गुंडाळून दिला. मॅडम पुढे बसल्या, काच खाली केली आणि म्हणाल्या, "पाथर्डी फाट्याला खोली बघितलीस ती ठीक आहे ना? पाणी येतं का विचारलंस?"

"विचारलं मॅडम."

"शाब्बास," त्या म्हणाल्या आणि गाडी निघाली.

कुलपाची मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या लॅपटॉपवर निमंत्रण आलं. मी ते दोनदा वाचलं, खालच्या बारीक ओळींसकट. मग फोन लावला.

"मॅडम, यात लिहिलंय, एका घरात राहणाऱ्यांसाठी. आता तर तुमच्या घरात निनाद राहतो."

"वाचलंस म्हणजे सगळं."

"मग ही जागा त्याची ना?"

"त्याला विचारूनच पाठवलंय. आधी त्याची होती."

म्हणजे जागा मिळाली ती त्याच्या परवानगीने. मी ती चौकट तिसऱ्यांदा वाचली. मग होय म्हटलं.

आता चार वाजता मॅडमच्या नावापुढे हिरवा ठिपका लागतो. शेजारी रेल्वेच्या गेमचं नाव येतं. कुटुंबात तो गेम एकच असल्यामुळे त्या खेळत असताना मला उघडता येत नाही. दुसरे पन्नास आहेत, पण मी ते उघडत नाही. ऑपरेशननंतर मॅडम सलग बसू शकत नाहीत, अर्ध्या तासाने त्यांना उठावंच लागतं. ठिपका मात्र दोन-दोन तास हलत नाही. म्हणजे त्या उठल्या आणि निनाद त्यांच्या रुळांवर बसला, माझे पूल वापरत. मला ते सहन होत नाही. मी फोन लावतो आणि फोन तोच उचलतो. "बोल किनवटकर," तो म्हणतो. त्याने मला त्या नावाने हाक मारलेली अजून आवडत नाही. मी विचारतो, मॅडमचा गुडघा कसा आहे. तो गेम थांबवतो आणि आज त्या किती पावलं चालल्या, कुठल्या पायरीवर थांबल्या, रात्रीची गोळी घेतली की टाळली, हे सगळं मला न कंटाळता सांगतो.