ब्रेकचे पट्टे जिथे संपले

पेंढ्याची ती विस्कटलेली उडवी अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नव्वदच्या दशकात मी मुरबाड भागात नेमणुकीला होतो. टोकावडे रस्त्यालगतच्या एका गावातली म्हातारी मुलाला घेऊन आमच्या पोलीस ठाण्यात आली. टेम्पोवाल्याने मुद्दाम तिच्या उडवीत, रचलेल्या पेंढ्याच्या ढिगात, गाडी घातली, गुरांचा वर्षाचा चारा मातीत गेला, अशी तिची तक्रार. आजी ठार बहिरी, त्यामुळे बोलणं सगळं ठाणं दणाणेल असं.

"ह्यो मेला माज्यासाठी कदी गाडी थांबवत नाय! शिव्या घातल्या मी, त्याचा डूख धरला त्यानं!"

दोघांचं वाकडं आहे, ही खबर त्या रस्त्यावरच्या एका ढाबेवाल्यानेही दिली. मोटार वाहन निरीक्षकाने ब्रेक शाबूत असल्याचं कळवलं. आता टेम्पोवाल्याचं लायसन जाणार हे दिसत होतं, आणि हा गडी तोंडात गुळणी धरून बसलेला. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला.

"चुकी झाली, साहेब," एवढंच उत्तर.

खोटं बोलणारा कारणं देतो. हा एकही देईना, म्हणून मी पुन्हा जागेवर गेलो. उतारावर चाकं घासल्याचे दोन काळे पट्टे सरळ येऊन मध्येच संपले होते आणि तिथूनच गाडी उडवीकडे वळली होती. म्हणजे याने ब्रेक करकचून दाबला आणि मग आपणहून सोडला. विटांनी भरलेली गाडी उतारावर चटकन थांबत नाही. चाकं जाम झाली की स्टेअरिंग कितीही फिरवा, ती घसरत सरळच जाते. वळायचं तर ब्रेक सोडावा लागतो. पुढे पेंढ्याने वेग हळूहळू खाल्ला, म्हणून हा वाचला.

परत येऊन मी चहा मागवला आणि शांतपणे विचारलं, "समोर कोण होतं?"

त्याचे डोळे भरले. "आजीच व्हती, साहेब. पाठमोरी, डोक्यावर भारा. हॉर्न वाजवला, तिला आयकू नाय गेला. तिच्या पोराला कळलं तर तो तिला रस्त्याला नाय येऊ देनार. घरात बसवली तर नाय जगायची ती."

मला तो टेम्पोवाला फार आवडला. पण बहिऱ्या माणसाला गुपित सांगायचं कसं? ओरडून सांगावं तर तिचा मुलगा ठाण्याबाहेरच बसलेला. शेवटी मी आजीला एकटीला जागेवर नेलं, डोक्यावर पेंढा घेतला आणि वर्दीतच त्या पट्ट्यांपुढे पाठमोरा चालून दाखवलं. आजी आधी पोट धरून हसली. मग पट्टे बघितले, उडवी बघितली आणि मटकन खाली बसली.

ठाण्यात तिने तक्रार मागे घेतली. कारण विचारलं तर ओरडली, "माजी उडवीच आली त्याच्या आडवी!"

दाब वाढवत नेला की माणूसही जाम होतो, वळत नाही. पुढच्या नोकरीत कुणाचा जबाब घेताना मला ते पट्टे हटकून आठवायचे.

समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने चालायचं, हेही मी आजीला खुणांनी शिकवलं होतं. काही दिवसांनी त्या रस्त्याने जाताना पाहिलं, टेम्पो तिच्यापुढे थांबलेला. ती बोनेटवर थापा मारत ओरडत होती, "थांबतोस कशाला रे मेल्या, मला काय पाय नायत?"

आणि भारा टेम्पोत मागे टाकून ती पुढच्या सीटवर चढून बसली.