सेकंदवाल्या ताई

समोरचं माणूस बोलता बोलता गप्प झालं की ताईंचा अंगठा थेट मोबाईलच्या स्टॉपवॉचवर! खरंच सांगतेय. आमच्या विभागात सगळे त्यांना सेकंदवाल्या ताईच म्हणायचे. बिलोलीकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या, नांदेडला पीएच.डी. करत होत्या. मी तेव्हा एम.ए.ला. घरी फोन केला तरी त्या मोजायच्या. "बाबा सात सेकंद गप्प होते गं. आता लग्नाचा विषय निघणार बघ," म्हणायच्या, आणि निघायचाच!

त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आधुनिक नाटकातला शोकात्म नायक आणि पद्धत डिस्कोर्स अ‍ॅनालिसिस. म्हणजे नायक काय बोलतो एवढंच नाही. कोण कुणाला मधेच तोडतं, कोण उत्तर टाळतं, कोण किती वेळ गप्प राहतं, सगळं बघायचं. त्या अभ्यासत होत्या त्या नाटकात एक मास्तर आहे. संस्थाचालक खोटा कागद पुढं सरकवतो, "सही करता का न्हाई?" मास्तर नाही म्हणतो. मग नोकरी जाते, घर जातं, शेवटी जीवही. मास्तर हट्टापायी संपला, असंच सगळे शिकवतात. ताईंचे गाईड सरसुद्धा.

ताई नुसत्या पेटायच्या. तीन वेगवेगळ्या नाट्यग्रुपच्या प्रयोगांची रेकॉर्डिंग त्यांनी परत परत ऐकली होती. "तिन्ही मास्तर सहीच्या प्रश्नावर थांबलेत, सर. अकरा सेकंदाच्या खाली एकबी न्हाई. हट्टी माणूस फाटकन न्हाई म्हणतो. ह्यानं त्या अकरा सेकंदात लेकरं बघितली, घर बघितलं, पुढं काय होणार ते सगळं बघितलं, आन् मग न्हाई म्हणला. ह्याला हट्ट म्हणता व्हय?"

सर म्हणायचे, "तू लई भांडून राहिलीस, बाई."

"मी न्हाई, सर. पुरावा भांडून राहिला."

आता माझा पराक्रम. माझं टायपिंग फास्ट, म्हणून प्रबंध मी टाईप करत होते. संवादांत जागोजागी कंस, (चार सेकंद), (अकरा सेकंद). मला वाटलं ही ताईंची स्वतःसाठीची टिपणं असतील. दिले सगळे उडवून! वाचायला कसं स्वच्छ झालं म्हणून खूशही झाले. पाच कॉप्या बाईंड होऊन आल्या, त्या दिवशी सकाळी ताईंनी मास्तरचं प्रकरण उघडलं. सादर करायची शेवटची तारीख तीच. चुकली तर नोंदणीच रद्द.

मी रडायलाच लागले. सर म्हणाले, "जाऊ दे, देऊन टाक. कोण एवढं वाचतंय?"

"सर, हे असंच गेलं तर माझ्याच प्रबंधात मास्तर फाटकन न्हाई म्हणतो. मीच त्याला हट्टी ठरवल्यावानी हाय." मग माझ्याकडं वळल्या. "रडू नको गं. पेन घे. मी सांगते, तू लिही."

दुपारी चारपर्यंत पाचही कॉप्यांत आम्ही हातानं सेकंद भरले. लाल पेनानं! विद्यापीठातला क्लार्क म्हणाला, "मॅडम, पेनानं लिवलेलं चालत न्हाई."

"चालत न्हाई असं लेखी द्या. जाते मी."

लेखी कोण देतंय? त्यानं मागं वळून साहेबांकडं बघितलं, ताईंकडं बघितलं आणि शिक्का मारला.

पुढं ताई शिरूर अनंतपाळला ज्युनिअर कॉलेजवर लागल्या. मागच्या महिन्यात त्यांना विद्यापीठाचं पत्र आलं: हाताने लिहिलेला मजकूर काढून, दुरुस्ती करून प्रबंध पुन्हा सादर करावा. उत्तर टाईप करायला त्यांनी मलाच फोन लावला. मलाच!

"लिही. दुरुस्ती केलेली आहे."

"पुढं?"

"पुढं माझी सही."

"ताई, डिग्री अडकंल हो. निदान 'कृपया विचार व्हावा' एवढं तरी घालू?"

"अडकू दे. घालू नको."

नाही घातलं. डिग्री अजून अडकलेलीच आहे. काल सरांनी मला विचारलं, एवढा हट्ट कशाला करते ती?

मी म्हटलं, "सर, बसा. मास्तरचं प्रकरण मी वाचून दाखवते, सेकंदांसकट."