ओसरीवरचा विद्यार्थी

अमेरिकेतल्या लढाईमुळे कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वर्षांत मी अमरावतीच्या सरकारी शाळेत मास्तर होतो. कापसाचे गठ्ठे बांधणारा एक महार तरुण दुपारी ओसरीवर बसून खिडकीतून शिकायचा. एके दिवशी मी त्याला आत बोलावलं. दुसऱ्या दिवशी वर्गात तो एकटाच होता.

एका मुलाचा बाप, माळी, दारातूनच म्हणाला, "मास्तर, त्याले आत काहून घेतलं?"

"तुमच्या मुलासारखंच त्यालाही शिकायचं आहे."

"मंग आमचे पोट्टे येत नाही."

वरच्या साहेबांनीही मलाच समजुतीनं घ्यायला सांगितलं. दीड महिना मी त्या एकट्याला शिकवलं. संध्याकाळी घरोघर जाऊन मनधरणी केली, शिव्या ऐकल्या. पार थकून गेलो. शेवटी तोच म्हणाला, "मास्तर, मी बाहेर बसतो. तुमचे हाल मले पाहावत नाही." मी नको म्हणालो. पण क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं होतं, त्याची लाज अजून वाटते.

पुढे सहा मुलं परतली, सगळ्यांत आधी त्या माळ्याचा मुलगा. "घरी नुसता मोट हाकून राहिला," बाप पुटपुटला. बाकीची आलीच नाहीत. आलेली त्याच्याच सतरंजीवर बसत, पण त्याच्यापासून हातभर जागा सोडून. माझ्याकडून तेवढंच झालं.