मायच्या हनुवटीवरचे तीन ठिपके

गोरेगावला बाजाराच्या रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ होता. शेवटची सात-आठ वर्षं त्या स्टुडिओत मी मुख्यतः मेलेल्या माणसांचेच फोटो केले. लग्नं, बारशी, वाढदिवस फोनने नेले. माझ्या वाट्याला उरली तेरवी. माणूस गेल्यावर दोन-तीन दिवसांनी घरातलं कोणीतरी फोन घेऊन यायचं आणि म्हणायचं, "याच्यातून एक मोठा काढून द्या भाऊ, फ्रेम कराची आहे." तेरवीला हार घालून ठेवायला फोटो लागतो. आणि ज्याच्या फोनमध्ये हजार फोटो, त्याच्याकडे बापाचा धड एक नसायचा.

जे असायचे त्यांची तऱ्हा काय सांगू. बाप दारात बसलेला, मागून ऊन, म्हणून चेहऱ्याच्या जागी काळा गोळा. पंगतीत बसलेली आई दुरून झूम करून ओढलेली, नाकडोळे रेतीसारखे विस्कटलेले. काढणाऱ्याचा हात हललेला, म्हणून एका माणसाला दोन कपाळं. दहा ग्रुपांतून फिरून आलेला फोटो तर इतका झिजलेला असायचा, की मोठा करायला घेतला की नुसते चौकोन दिसायचे. आणि सगळ्यांवर एक पांढुरकी साय. खिशात सुपारी-तंबाखूच्या खर्र्याची पन्नी आणि फोन एकत्र नांदत असल्यावर दुसरं काय होणार?

मी चिडायचो. "एवढा महागाचा फोन घेतला, अन् काच पुसाले का जोर येते?" असं तोंडावर बोलायचो. समोरचा मान खाली घालून ऐकून घ्यायचा. त्याच्या घरी मयत झालेली, आणि मी त्याला काच पुसायचे धडे देत होतो. आज आठवलं की लाज वाटते.

बोलून झालं की मात्र कामाला लागायचो. संगणकावर मुंडकं कापून निळ्या पडद्यावर आणायचं. खाली तयार कोट जोडायचा. ज्याने जन्मात कोट घातला नाही, त्याला मी मेल्यावर चढवायचो. एखादा डोळा अगदीच गेलेला असला तर भावाला बोलावून त्याचा डोळा काढून बसवायचो, ओठ मुलाचे घ्यायचो. घरचे बघून म्हणायचे, "बराबर आला." मला माझ्या हाताचा गर्व होता. मेलेला माणूस थोडाच तक्रार करायला येतो.

मग माझी माय गेली.

तिसऱ्या दिवशी मी स्टुडिओ उघडला आणि तिचा फोटो शोधायला बसलो. फोटोवाल्याची माय, फोटोला काय तोटा, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण नव्याण्णव साली स्टुडिओ टाकल्यापासून मी तिचे जे फोटो काढले ते सगळे रोलच्या शेवटी काढलेले. लग्नाचा रोल संपत आला की एखादं घर, म्हणजे एका फोटोपुरती जागा, उरायचं. रोल गोंदियाला लॅबमध्ये पाठवायची घाई असायची, म्हणून मी घरात जाऊन म्हणायचो, "माय, इकडं पाय." ती चुलीपुढून मान वळवायची आणि रोल संपायचा. ते शेवटचं घर बहुतेक वेळा उजेड लागून अर्धं जळलेलं यायचं. पाकिटात असे पाच-सहा फोटो सापडले. कुठे कान आणि पदर, कुठे नुसता खांदा. गिऱ्हाईकाच्या पैशातलं उरलंसुरलं मी मायवर खर्च केलं होतं. रोल बंद झाले तसं तेही उरेना. मतदार कार्डावरची बाई तर गावातल्या कोणाचीही आई म्हणून खपली असती.

एकच चांगला होता, तो माझ्या फोनवर. हे लिहायलाही जड जातं, कारण फोनला मी जन्मभर शिव्या दिल्या. माय गेली त्याच वर्षी मी नवा फोन घेतला होता. वैऱ्याकडे काय हत्यार आहे ते बघावं म्हणून घेतला, असं मी सगळ्यांना सांगायचो. माय महाशिवरात्रीला नागऱ्याला शंकराच्या दर्शनाला जाऊन आली होती. अंगणात खाटेवर बसली होती, उजेड सकाळचा, मऊ. मी फोन धरला, ती माझ्याकडे बघून हसली. फोटो बघून म्हणाली, "मले धुतलं का गा यानं? माह्या सुरकुत्या कुठं गेल्या?" मी म्हणालो, फोनने खाल्ल्या. दोघंही हसलो.

तो फोटो मी आता संगणकावर मोठा केला. डोळे जिवंत, हसू तिचंच. आणि हनुवटी उकडलेल्या अंड्यासारखी कोरी.

मायच्या हनुवटीवर गोंदण होतं. लहानपणी बाजारात बसणाऱ्या गोंदणारणीकडून काढलेले हिरवे ठिपके. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया म्हणायच्या, सोनंनाणं सारं इथंच काढून घेतात, गोंदण तेवढं संग जाते. मायही म्हणायची. तिच्या कानातलं सोनं आम्ही उतरवून घेतलं, तेव्हा ते वाक्य माझ्या मनात आलं होतं. फोनमधला ब्युटी मोड सुरू होता, घेतला तेव्हापासूनच. मी, धंदा करणारा माणूस, एकदाही आत जाऊन बघितलं नाही. त्याने गोंदणाला डाग समजून पुसून टाकलं होतं. संग जाणारी एकच गोष्ट, तीच.

काढायला काय, ठिपकेच काढायचे. मी ब्रश हातात घेतला आणि थांबलो. किती होते? तीन की पाच? आडवे की खालीवर? मला आठवेना. बायकोला विचारलं, ती म्हणाली तीन. बहीण म्हणाली पाच असतील. पंचवीस वर्षं मी लोकांच्या चेहऱ्यांवरच्या जखमा, वांग, देवीचे वण पुसत आणि काढत आलो, आणि जन्मभर जिच्या हातचं खाल्लं तिची हनुवटी मी धड बघितली नव्हती. मला माझीच किळस आली.

देवरीहून मावशी आलेली होती, मायची पाठची बहीण. तिच्या हनुवटीवर तीन ठिपके, एका ओळीत, आडवे. दोघी बहिणींनी एकाच दिवशी, एकाच गोंदणारणीकडून गोंदून घेतलेलं, हे मी लहानपणापासून ऐकत होतो. मग अडचणच संपली. मी मावशीला स्टुलावर बसवलं, मोठ्या कॅमेऱ्याने तिच्या हनुवटीचा फोटो घेतला, ठिपके कापले आणि मायच्या हनुवटीवर बसवले. रंग जुळवला, कडा मऊ केल्या. भावाचा डोळा आणतात तसंच हे.

फ्रेम घरी आणली. मावशी भिंतीला टेकून बसली होती. तिने फ्रेम मांडीवर घेतली, ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"हे बाई नोहोय," ती म्हणाली. थोरल्या बहिणीला ती बाई म्हणायची. "हे मी आहो."

"काऊन वो मावशे? ठिपके तीनच होते ना?"

"तीनच होते. पन सुई लागली तशी बाईनं मान खेचली. तिचा तिसरा ठिपका खाली घसरला. तिचं पाहून मी हालली नाही, म्हणून माहे सरळ आहेत."

"कोणत्या बाजूचा घसरला?"

मावशीने आपल्या हनुवटीच्या डाव्या अंगाला बोट लावलं. मग उजव्या अंगाला नेलं. पुन्हा डावीकडे आणलं. मग हात खाली घेतला.

"तिच्या समोर बसून जलम गेला," ती म्हणाली, "अन् आता सांगता येऊन नाही राहिलं."

ती रडली, मीही रडलो. तेरवीला तीच फ्रेम ठेवली. लोकांनी फुलं वाहिली. दोघा-तिघांनी फोटोकडे बघून मला सांगितलं, बराबर आला. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मावशीला देवरीच्या बसवर सोडायला निघालो, तर ती वाटेत स्टुडिओसमोर थांबली. आत येऊन स्टुलावर बसली, डोक्यावरचा पदर मागे सारला आणि हनुवटी वर केली.

"माहा काढ," ती म्हणाली. "फोननं नोको, मोठ्या कॅमेऱ्यानं काढ. बाईच्या टायमाले तुले माही हनुवटी भेटली. माह्या टायमाले कोनाची आनशील?"

मी लेन्सची काच पुसली आणि सवयीने तिला म्हणालो, हलू नको. ती तशीही हलणारी नव्हती.