देवरामच्या शास्त्रातली कामटी

मोखाड्याच्या बाजारात सुकट घेत होतो, तेव्हा खोडाळ्याच्या जीपवाल्याने टपावर पोतं चढवता चढवता वरूनच सांगितलं, "मास्तर, तुमचा देवराम पाळक गेला. आज सकाळीच." तुमचा म्हणाला. ते ऐकून मला बरं वाटलं आणि लगेच रडूही आलं. सुकट तिथेच विसरून मी जीपमध्ये बसलो. त्याला आता महिना होऊन गेला, तरी रविवार उजाडला की पाय त्याच्या प्रार्थनाघराकडे वळतात... आणि मग आठवतं, आता भांडायचं कोणाशी?

आश्रमशाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी शिक्षक झालो, तो पाळक. बाप्तिस्म्यात त्याला दानिएल हे नाव मिळालं, पण ते ख्रिस्ती मंडळीच्या रजिस्टरातच राहिलं; गाव त्याला देवरामच म्हणायचं. मी देव मानतो तो सणापुरता, त्यामुळे आमची कायम जुंपलेली असायची. मी प्रार्थनाघराच्या पायरीवर बसून त्याला डिवचायचो, "काय रे, आज किती जणांना आगीत टाकलंस?" तरुणपणी त्याचा उपदेश होताच तसा. देव प्रेम आहे, इथून सुरुवात करायचा आणि बाप्तिस्मा न घेणाऱ्यांना कधीच न विझणाऱ्या आगीत सोडून थांबायचा. मी हसायचो. त्याचा बाप, बुधाबाबा, हसत नसे. तो माझ्या शेजारी पायरीवर बसून बांबूच्या कामट्या तासत असे.

बुधाबाबा मोडलेली हाडं बसवायचा. पार वांगणीकडून लोक त्याच्याकडे यायचे. वाकडं जुळलेलं हाड तो पुन्हा मोडून सरळ करी. माणूस बोंबलायचा, शिव्या द्यायचा, आणि बाबा त्याला घट्ट धरून म्हणायचा, "वरडून घे. मी नाय सोडत तुला." मग कामट्या बांधून एकच ताकीद द्यायचा, हाड बसेपर्यंत कामटी काढायची नाही. प्रार्थनाघराला जागाही त्यानेच दिली. बाप्तिस्मा मात्र घेतला नाही. का म्हणून विचारलं तर म्हणायचा, "मंग नव्या भाताचा घास वाडवडलांना कोण ठेवंल?" त्याची बायको जनाबाई मुलाबरोबर मंडळीत गेली होती, पण त्यावरून घरात कधी भांडण झाल्याचं मला आठवत नाही.

बाबा गेला तो तसाच, वाडवडलांना घास ठेवणारा. पुढच्या रविवारी देवरामने जी चूक केली, ती तो शेवटपर्यंत उरात घेऊन वावरला. स्वतःच्या बापाची वेळ आल्यावर पाळकाने शब्द गिळले, असं कोणी म्हणू नये म्हणून त्याने मुद्दाम नेहमीचाच उपदेश केला. बाप्तिस्म्यावाचून गेला तो कायमचा गेला, मग तो कोणाचाही बाप असो. पहिल्या चटईवर जनाबाई बसली होती. ती उठून उभी राहिली. "देवराम, माझा बाप्तिस्मा परत घे. तो जठं हाय, तठं मना जायचं हाय." एवढं बोलून तिने पदर सारखा केला आणि बाहेर आली. मी पायरीवर होतो. सरकून तिला जागा करून दिली.

वर्षभर ती आत गेली नाही. दर रविवारी माझ्या शेजारी पायरीवर बसायची. देवराम वाळत चालला. नाशिकला जाऊन त्याने थोरल्या पाळकांना विचारलं. ते म्हणाले, शास्त्रात लिहिलेलं आपल्याला पुसता येत नाही. हे त्यालाही मान्य होतं. पण अर्थ लावताना कोणी म्हणतं शिक्षा कधीच संपत नाही, कोणी म्हणतं जीव जळून नाहीसा होतो, कोणी म्हणतं शेवटी देव सगळ्यांना घरी आणतो... नागली झोडता झोडता तो हे सगळं माझ्यासमोर मांडायचा. मी शहाणपणा केला, "नरक सोडून दे, प्रेम तेवढं ठेव." तो भडकलाच. "वीटभट्टीवरनं येताना मुकादमानं आपल्या गावच्या आजारी मंगळीला रस्त्यात उतरवली. तठंच मेली ती. त्याचा न्याय नको? मंगळीचं ज्याला काय वाटत नाय, त्या देवाचं प्रेम मना नको." मग झोडायचं थांबवून तो हळू आवाजात म्हणाला, "शिक्षा पायजे रे. पण बा हाड मोडायचा तं बसवायला मोडायचा. देवाला माझ्या बाइतकं पण येत नसंल का?"

नंतर एका रविवारी उपदेश अर्ध्यावर सोडून तो दारात आला, आईशेजारी पायरीवर बसला आणि तिथूनच मंडळीला म्हणाला, "बा कठं हाय, मना माहीत नाय. न्याय करणारा दुसरा हाय. त्याच्या जागंवर मी बसलो. चुकलो." दोन-तीन कुटुंबांनी मंडळी सोडली. नाशिकचे पाळक यायचे बंद झाले. जनाबाई मात्र पुढच्या रविवारी आत गेली आणि पहिल्या चटईवर शेजारी एका माणसाची जागा सोडून बसली. आता तीही वारली, तरी ती जागा कोणी घेत नाही.

न्यायावर देवराम नंतरही बोलायचा, पण आवाज खाली आला होता. आमची शेवटची भेट झाली तेव्हा तो खाटेवर होता. मला म्हणाला, "तू काय बाप्तिस्मा घेत नाहीस, मास्तर." मी म्हटलं, "नाही." "मंग तठं जाऊन मना तुझ्यासाठी भांडावं लागंल." मी म्हटलं, "इथे कधी जिंकलास माझ्याशी?" तो हसला, हसताना त्याला खोकला आला, आणि मी पाणी दिलं. या माणसावर माझा जीव होता. हे त्याला सांगायचं राहून गेलं.

गेल्या आठवड्यात त्याची मुलगी रूथ, जव्हारला नर्स आहे, तिने मला घरी बोलावलं. त्याचं शास्त्र, म्हणजे त्याचं बायबल, नव्या पाळकांना द्यायचं होतं. तिने ते उघडलं, तर न्यायाच्या दिवसाच्या पानात बुधाबाबाची एक कामटी, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली. ओळींवर खाडाखोड नव्हती. फक्त त्या एका पानाचा कोपरा बोटांनी झिजून फाटायला आला होता.

"रोज हेच पान उघडायचे," रूथ म्हणाली. "काढून ठेवू का ही, काका?"

"राहू दे," मी म्हणालो. "हाड अजून बसलेलं नाही."